गोधडीची वाटणी

व्यापारी कुटुंबाला वाटणी अपरिचित नसते. दुकान, गोदाम, राईस मिलमधील भाग, सोने-चांदी, उधारीची येणी या सर्वांची किंमत ठरविता येते आणि किंमत ठरली की हिस्साही ठरतो. अडचण येते ती बाजारात ज्या वस्तूला मोल नाही तिच्या बाबतीत. आमच्या घरी अशी एक वस्तू उरली होती. ती म्हणजे बांच्या हातची गोधडी.

बा म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गुजराती वळणाने तिला ‘धडकी’ म्हणत. गोंदियाची थंडी विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. हिवाळ्यात विदर्भातील सर्वांत कमी तापमान अनेकदा इथेच नोंदले जाते. दुपारचे ४८ मिनिटांचे सामायिक आटोपले की बा सुई-दोरा घेऊन बसत आणि दिवस कलण्यापूर्वी काम आवरून ठेवीत. आतील थरांत आजेसासूबाईंच्या विटलेल्या सुती साड्या आणि सासऱ्यांची धोतरे होती. वरच्या बाजूला मुलींचे लहानपणचे फ्रॉक आणि दुकानातील छिटाचे उरलेले तुकडे होते. रेशमामागे किड्यांची हिंसा असते म्हणून रेशमाचा एकही तुकडा त्यांनी त्यात येऊ दिला नाही. कडेपासून मध्याकडे जाणारा धावदोरा इतका एकसारखा होता की मोजपट्टी ठेवून घातला असावा असे वाटे. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी याच रीतीने जन्मल्या. मऊ झालेले जुने वस्त्र थरावर थर ठेवून साध्या धावदोऱ्याने जोडायचे आणि पुन्हा वापरात आणायचे, ही आपल्या देशातील गृहिणींची जुनी काटकसर आहे.

बा गेल्यानंतर दोन वर्षांनी भावाभावांचा व्यवसाय वेगळा झाला. तिन्ही नणंदबाईंनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि हा कायदा आम्हा जैनांनाही लागू आहे. तरीही बहुतेक घरांत बहिणी माहेर टिकावे म्हणून सही करतात. आमच्याकडेही तसेच झाले. कोणी वाद घातला नाही. मात्र बालाघाट, राजनांदगाव आणि नागपूर येथून येणारे फोन हळूहळू कमी झाले आणि जे येत त्यांत प्रकृती आणि हवापाणी यांपलीकडे बोलणे सरकत नसे.

त्याच काळात तिघींनी निरनिराळ्या दिवशी मला एकच गोष्ट विचारली, “भाभी, बाची धडकी कुणाकडे आहे?” जाऊबाईंनाही ती हवी होती आणि मलाही. ती आमच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांत घडी करून पडली होती. एकीला दिली असती तर चौघी रित्या हातांनी राहिल्या असत्या. तशीच ठेवली असती तर ती कोणाचीच झाली नसती.

तिचे चेनचे पाऊच शिवून दिवाळीला पाचही घरी द्यावेत, असे मी सुचविले. बालाघाटच्या मोठ्या नणंदबाईंना ते रुचले नाही. “बाच्या हातच्या कामाला कात्री लावायची?” असे त्यांनी विचारले. मी त्यांना एवढेच म्हटले की बांनीही आपल्या सासूबाईंच्या साड्यांना कात्री लावूनच ही गोधडी केली होती. त्यांनी आठ दिवस मागून घेतले आणि मग होकार कळविला. पाचही जणींची संमती मिळेपर्यंत मी कात्री उचलली नाही.

काम दिसते तितके सोपे नसते. गोधडी आधी रिठ्याच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने धुतली आणि सावलीत वाळविली. मग दोन अंगठ्यांत धरून कापड ठिकठिकाणी ताणून पाहिले. मधला भाग विरला होता, तो सोडला. हाताचा टाका कापताच उसवत जातो, म्हणून कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनची शिवण मारली आणि नंतर मधून कापले. प्रत्येक पाऊचसाठी १० इंच लांब आणि ७ इंच रुंद असे दोन तुकडे घेतले. इतक्या थरांतून साधी सुई मोडते; १६ नंबरची लावावी लागली. चेन नायलॉनची घेतली, कारण ती हवी तेवढी कापता येते आणि तिच्या दातांवरून शिवण गेली तरी सुई सुरक्षित राहते. चेनची पट्टी वरचे कापड आणि मलमलचे अस्तर यांच्यामध्ये धरून शिवली. कडा जोडण्यापूर्वी चेन अर्धी उघडी ठेवायची असते, नाहीतर पाऊच उलटविण्यास वाटच राहत नाही. धावदोऱ्याचे काम शेकडो वर्षांचे आहे. चेनला आजचे रूप अमेरिकेत गिदिऑन सुंडबॅक या अभियंत्याने १९१३ साली दिले. बांच्या टाक्याशेजारी ती चेन मुळीच परकी दिसली नाही.

एकूण १५ पाऊच झाले, प्रत्येक घरी तीन. आजेसासूबाईंच्या साडीचा थर कडेला दिसेल असा एक तरी तुकडा प्रत्येकीला मिळेल, हे मी कटाक्षाने पाहिले. भाऊबीजेला तिघीही गोंदियाला आल्या, तेव्हा ते त्यांच्या हाती दिले. एकीने त्यात मुहपत्ती आणि नवकारवाळी ठेवली. एकीने ज्ञानपंचमीला नातवाला नव्या पेनांसह एक दिला. मोठ्या नणंदबाई आपल्या फ्रॉकचा तुकडा ओळखून बराच वेळ त्यावरून बोट फिरवीत राहिल्या. मग म्हणाल्या, “सही केल्यावर या घरातून हिश्श्याने काही येईल असे वाटले नव्हते.”

त्या वाक्याने खोलीत शांतता पसरली. पाऊचने हिश्श्याची भरपाई होते असे मी मानत नाही, आणि कोणी तसे मानू नये. भेट ही भेट असते, हक्क हा हक्क असतो. परंतु इतके दिवस जे कोणी उच्चारले नव्हते ते त्या दिवशी उच्चारले गेले आणि दोघा भावांनी ते मान खाली घालून ऐकले. बांच्या पाटल्यांचा प्रश्न अजून शिल्लक आहे. या वेळी कागद तयार करण्यापूर्वी बहिणींना घरी बोलावून विचारायचे, असे भावांनी स्वतःहून ठरविले आहे.

दिवाळीत आपल्या घरी मेव्याचे कितीतरी डबे येतात आणि त्यांतील अनेक जसेच्या तसे दुसऱ्या घरी जातात. घरातील जुन्या गोधडीतून शिवलेली भेट अशी पुढे सरकविता येत नाही, कारण ती ज्याच्या नावाने शिवली त्याचीच असते. आपल्याही पेटीत अशी एखादी गोधडी असेल, तर यंदा ती बाहेर काढावी. तिच्यावर कोणाकोणाचे मन आहे ते आधी विचारावे, माहेरवाशिणींना सर्वांत आधी. कात्रीचे काम त्यानंतरचे.