ब्रूनमस्का

आबा मुंबईला गिरणीत होते. परळच्या एका खोलीत गावचे पंधरा-वीस गडी पाळीपाळीनं झोपायचे. गणपतीला आबा आले की पत्र्याच्या ट्रंकेत आमच्यासाठी खारी असायची.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, तवा मी दहावीला होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि आमची मनिऑर्डर थांबली. मी पास झालो, पण कराडला कॉलेजात जायला पैसा नव्हता. दिवाळीच्या आत आबा ट्रंक घेऊन कायमचे परतले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "उद्यापास्नं औतावर चल." हे बोलणं मी चाळीस वर्षं मनात धरून ठेवलं.

आबांची एक खोड होती. शिळ्या भाकरीला म्हशीचं लोणी थापायचे, घडी घालायचे आणि चहात बुडवून खायचे. चहावर लोण्याचे पिवळे डोळे तरंगायचे. आई म्हणायची, "ही कुठली रीत?" मला तर चीडच यायची. माझं शिक्षण गेलं, आणि ह्यांचं मुंबईचं नखरं काय जात न्हाई!

मागल्या साली नातवाच्या बारशाला मुंबईला गेलो. पोरगा म्हणाला, "दादा, चला, इराण्याचा चहा पाजतो." धोबी तलावाजवळचं कयानी. १९०४ सालचं हॉटेल. जुन्या लाकडी खुर्च्या, बरण्यांत बिस्किटं. पोरानं ब्रूनमस्का मागवला. बाहेरनं टणक असा गोल पाव, मधोमध चिरलेला, आत लोणी. मी चावायला गेलो तर दाढ ठणकली. समोरच्या टेबलावर एक म्हातारा बसला होता. त्यानं ब्रूनचा तुकडा चहात बुडवला, क्षणभर धरला आणि तोंडात टाकला.

मी त्याच्या कपात बघितलं. चहावर पिवळे डोळे.

घास तसाच हातात राहिला. एकदा मी आबांना रागानं विचारलं होतं, "संपात दिवसभर करत काय व्हता?" ते म्हणाले होते, "इराण्याकडं बसायचो. एका चहात दोघं." एवढंच. तेव्हा मला तो रिकामटेकडेपणा वाटला. एका चहात दोघं, म्हणजे मस्का कधीच बंद झाला असणार, हे ध्यानातच आलं नाही. पुढं गावात पाव मिळंना, म्हणून भाकरीवर भागवलं. त्यात कसलं आलंय नखरं!

मीबी तुकडा बुडवला. मऊ झाला. खारट लोणी, गोड चहा. चव बरी होती, पण गिळताना जड गेलं.

आबांना जाऊन अकरा वर्षं झाली. राग सगळा गेला असं म्हणणार नाही. कॉलेजचं दुखतं अजून. पण गावी आल्यावर सकाळी शिळी भाकरी मागितली, लोणी थापलं आणि चहात बुडवली. बायको चुलीपुढनं म्हणाली, "आता तुमीबी आबांवरच गेला म्हणायचं."

मी काही बोललो नाही. दुसरी भाकरी घेतली.