राणीच्या बागेतील एका दिवसाचे फूल

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजेच मुंबईकरांच्या राणीच्या बागेत, सुटीच्या सकाळी शिरणारी बहुतेक कुटुंबे थेट पेंग्विनकडे वळतात. वाटेतल्या वृक्षांसाठी त्यांना सवड नसते. वस्तुतः १८६२ साली ही बाग लोकांसाठी खुली झाली ती वनस्पती-उद्यान म्हणून. प्राणी नंतर आले. येथील झाडांची फुले जवळून टिपू पाहणाऱ्याला मात्र फार चालावे लागत नाही, फार वेळ उभे राहावे लागते.

अशाच एका सकाळी एक निवृत्त कापडव्यापारी आपल्या दहा वर्षांच्या नातीसह कैलासपतीपाशी थांबले. हा वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेतील. त्याची फुले शेंड्यावर नव्हे, तर बुंध्यावरून निघालेल्या डहाळ्यांवर, थेट डोळ्यांसमोर येतात. सहा मांसल पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचे कडे आणि त्यावर फणीसारखी झुकलेली छत्री. छायाचित्रकाराची मोठी सोय, पण मुदत जेमतेम एका दिवसाची.

आजोबांनी मोबाईल पुढे नेला. पहिले चित्र हलले. दुसऱ्यात पाकळी स्पष्ट आली, पण केसर धूसर. वस्तूच्या जितके जवळ जावे, तितकी स्पष्टतेची पट्टी अरुंद होत जाते. अगदी जवळून ती काही मिलिमीटरच उरते. म्हणून काय स्पष्ट हवे, हे आधी ठरवावे लागते. लाल-गुलाबी रंगाचीही एक खोड आहे. उजेड जास्त झाला की त्यातील बारकावे पुसले जातात. झाडाची सावली, थांबलेला वारा आणि पडद्यावर किंचित कमी केलेला प्रकाश, एवढ्यावर काम भागते.

“आजोबा, ती छत्री जरा वर करू? आतले दिसेल,” असे म्हणत नातीने बोट पुढे केले. त्याच क्षणी एक काळा भुंगा गुणगुणत आत शिरला आणि बोट थबकले.

त्या छत्रीखाली एक जुना व्यवहार चालतो. या फुलात मध नसतो. कीटकाला मिळतात ते परागकण. छत्रीतील पराग वांझ असतो, तो खाण्यासाठी. बीज धरणारा पराग खालच्या कड्यात असतो. कीटक छत्रीतील मेजवानी घेत असताना कड्यातील पराग त्याच्या पाठीला लागतो आणि पुढच्या फुलापर्यंत पोहोचतो. दोन्ही पक्षांचा लाभ, कोणाचीच खोट नाही. चित्रासाठी छत्री वाकवली, पाकळी ताणली किंवा खोट्या दवासाठी पिचकारीने पाणी मारले, तर हा सौदा मोडतो. आणि त्या फुलाला दुसरा दिवस नसतो.

“दुकानात गिऱ्हाईक असताना मध्ये हात घालायचा नसतो,” आजोबा एवढेच म्हणाले. दोघेही थांबली. मिनिटे गेली, पेंग्विनची रांग वाढली. भुंगा बाहेर पडताना पाठीवर पिवळी पूड दिसली. नेमके तेव्हाच बटण दाबले गेले.

नातीचे कुतूहल मात्र शिल्लक होते. तेव्हा आजोबांनी जमिनीकडे बोट दाखवले. झाडाखाली आदल्या दिवशीची फुले पडली होती. तिने एक उचलले, छत्री उलगडली, वरचे जाड केसर आणि कड्यातील बारीक केसर वेगळे पाहिले, आणि त्यांचे चित्र स्वतः घेतले. त्या फुलाचे देणे-घेणे संपलेले होते; आता त्याला हात लावण्यास हरकत नव्हती.

याच बागेत ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी आहे. तिचे लाल-पिवळे घोस झुंबरासारखे लोंबतात. सीतेचा अशोकही आहे. सोसायट्यांच्या कुंपणाशी अशोक म्हणून लावले जाणारे उंच सरळ झाड निराळे. खऱ्या अशोकाच्या केशरी फुलाला पाकळ्याच नसतात, रंगतात ती निदले. हे दुरून कळत नाही, जवळ गेल्यावरच कळते.

दुपारी बाहेर पडताना मोबाईलमध्ये मोजून चार चित्रे होती. झाडावर फुले सकाळी होती तेवढीच होती.