धार लावायची हौस

मुलुंडला घरच्या घरी गोधड्या शिवून द्यायला लागले तेव्हा कात्रीवर माझा हात बसलेला होता. रोटरी कटर, म्हणजे मुठीला गोल फिरणारं पातं, मात्र नवं. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली ते आणलं कपडे बेतणाऱ्यांसाठी. उचलून धरलं ते गोधडीवाल्या बायकांनी. पातं महाग, म्हणून मी त्याची काटकसर करायचे आणि त्या काटकसरीपायीच ते वाया घालवायचे.

पातं बोथट झालं की जोर लावायचा, हा माझा पहिला उपाय. जोराने पातं कापडाखालच्या मॅटमध्ये रुततं आणि आणखी बोथट होतं. दुसरा उपाय गल्लीतला धारवाला. तो बिचारा म्हणत होता, "ताई, हे कात्रीसारखं नाही, राहू द्या." मीच हट्टाला पेटले. दगडाला टेकताच ठिणग्या उडाल्या, कड निळी पडली. इतकं पातळ पोलाद तापलं की त्याचं पाणी उतरतं, हे तो जाणून होता. पैसे त्याने घेतले नाहीत. मला त्याचाही राग आला.

मग घाटकोपरच्या एक बाई आईचं नऊवारी घेऊन आल्या, गोधडी करायला. कापताना पातं टाचणीवरून गेलं. टवका डोळ्यांना दिसेना, पण ४५ मिलिमीटरच्या पात्याचा घेर भरतो १४ सेंटीमीटर, आणि बरोबर तेवढ्या अंतरावर दोन-तीन धागे कापायचे राहू लागले. खोट कुठे आहे ते मला कळलं होतं. तरी फॉइलची घडी कापून पाहिली. त्याने धारेवरची कंगोऱ्यासारखी कड निघते, टवका भरून येत नाही. शेवटी तुकडे हाताने ओढून सुटे केले. विरलेलं सूत ते, पदराचे चौकोन आतपर्यंत फाटत गेले. नवं पातं ड्रॉवरमध्ये होतं.

बाईंनी गोधडी उलगडून फक्त विचारलं, "पदर कुठे आहे?" मी खरं ते सांगितलं, शिलाई घेतली नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत.

आता आधी टाचण्या मोजून डबीत जातात. पात्यामागची रुई पुसते, मशीनच्या तेलाचा थेंब सोडते. पावसाळ्यात तर नक्कीच, गंज धरतो. कागदासाठी जुनं पातं वेगळ्या कटरमध्ये, मुठीला लाल दोरा. घरात शिवणारी मी एकटीच, तरीही नव्या पात्याने वर्तमानपत्राचं कात्रण कापताना परवा मीच सापडले.