मनगटावरचा हिशेब

आमच्या घरात वजनाचा प्रश्न उभा राहिला तो पलंगाच्या कडेशी. तीन वर्षांपूर्वी यजमानांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू दुबळी झाली. सकाळी पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, दुपारी खुर्चीतून पुन्हा पलंगावर, मधल्या वेळी शौच-स्नान, असे दिवसाकाठी सात-आठ वेळा त्यांना उठवावे लागते. मुलगा हैदराबादला, मुलगी पुण्याला. देगलूरच्या या घरात आम्ही दोघेच. माझे वय ६४, उंची १५२ सेंटिमीटर आणि त्या वेळचे वजन ७४ किलो. गुडघ्यांची कुरकुर सुरू झाली होती. येथील डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र पाहिले आणि म्हणाले, "काकू, पाच-सहा किलो उतरवा. एक किलो उतरला की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलोंचा भार हलका होतो." मी मनात गणित मांडले. माझे गुडघे बसले तर यांना उठवणार कोण?

त्या दिवाळीत मुलाने मनगटी पट्टा आणला. पावले, नाडीचे ठोके, झोप आणि दिवसभरात खर्च झालेल्या कॅलरी असे सारे तो दाखवतो. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. त्यामुळे उत्तर हाती आले की रीत विचारण्याची खोड आहे. मुलाला विचारले, "अरे, याला माझ्या कॅलरी कळतात तरी कशा?" तो हसून म्हणाला, "आई, तूच शोधून काढ."

शोधले. पट्ट्याच्या पोटात हालचाल ओळखणारा एक बारीक संवेदक असतो. खालच्या बाजूने हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर त्याचे परावर्तन कमी-जास्त होते, त्यावरून ठोके मोजले जातात. कॅलरी मात्र तो मोजत नाहीच. आपण भरलेले वय, उंची, वजन, शिवाय ठोके आणि हालचाल यांवरून तो अंदाज बांधतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये असे सात पट्टे ६० जणांवर तपासले. सातांपैकी सहांची ठोक्यांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती; परंतु कॅलरींच्या बाबतीत सर्वांत बरा पट्टासुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होता आणि सर्वांत वाईट तब्बल ९३ टक्क्यांनी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मंदावतात. ज्यांना अशा गोळ्या चालू आहेत त्यांच्या बाबतीत ठोक्यांवर बांधलेला अंदाज आणखी डळमळतो, हेही ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. रात्री पट्टा सोळाशे-सतराशे असा आकडा दाखवतो, तेव्हा तो सारा आपल्या श्रमांचा आहे असे वाटून मन सुखावते. वास्तविक माझ्या वयाच्या आणि वजनाच्या स्त्रीचा देह नुसते पडून राहिला तरी श्वास, हृदय, मेंदू यांच्यासाठी दिवसाला साधारण बाराशे कॅलरी खर्च करतो. लेंडीच्या बाजूने सकाळी अर्धा तास चालून यावे, तर फार तर शंभर कॅलरी. घरी परतल्यावर भाजलेल्या शेंगदाण्यांची एक मूठ तोंडात टाकली की ती चाल फिटली, वर उधारी झाली.

पट्ट्याची खरी ओळख झाली ती स्वयंपाकघरात. ज्वारीच्या चार भाकरी थापल्या आणि पाहते तो काय, जागची न हलता माझी काहीशे पावले झाली होती! हाताच्या तालावर पट्टा फसला. उलट होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात यांची खुर्ची ढकलत मी चांगली पाऊण तास फिरले, घामाने पदर भिजला, आणि पट्ट्याने जेमतेम शे-सव्वाशे पावले नोंदवली. खुर्चीच्या मुठीवर हात स्थिर असतात. हात हलला नाही तर त्याच्या लेखी माणूस चाललेच नाही. यांना उठवताना, कूस बदलताना, अंघोळ घालताना जो दम लागतो, त्याची नोंदही नाममात्रच. घरात रुग्णाची सेवा करणाऱ्या माझ्यासारख्या अनेकींना हा अनुभव येईल. दिवसभर राबूनही पट्टा 'आज हालचाल कमी झाली, उठा, चाला' असा उपदेश करतो. पहिल्यांदा राग आला. यांना ते वाचून दाखवले. शब्द जुळवीत, थांबत थांबत हे म्हणाले, "अगं... त्याला... नोकरीवरून काढ."

काढले नाही, काम मात्र बदलून दिले. खर्चाचा आकडा पाहणे सोडले आणि जमेची वही उघडली. तिथेही फोनची मदत तोकडीच पडली. माझे माहेर लातूर जिल्ह्यातले. वेळा अमावास्येला शेतात आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी यांचे जेवण असते. मी फोनमध्ये 'भज्जी' लिहिले तर त्याने तळलेली भजी समोर मांडली. डाळी, पालेभाज्या आणि बेसन शिजवून केलेली आमची भज्जी त्याला ठाऊकच नाही. 'भाकरी'पुढे एक आकडा होता, पण कोणाची भाकरी? पुण्याची मुलगी करते ती की आमची ताटभर? शेवटी वाणसामानाचा छोटा काटा घेऊन पीठ तोलले. एका भाकरीला ८० ग्रॅम. डॉ. गोपालन यांनी सिद्ध केलेल्या, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम ज्वारीच्या ३४९ कॅलरी दिल्या आहेत. म्हणजे आमची एक भाकरी २८० च्या घरात. १०० ग्रॅम शेंगदाण्यांच्या ५६७. तेलाचा लहान चमचा ४५. चहाच्या एका कपात दोन चमचे साखर म्हणजे ४०, आणि दिवसभरात येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर माझे पाच कप होत. त्या दोनशे कॅलरींचा मला कधी संशयही आला नव्हता.

भाकरी सोडली नाही. चहा दोन कपांवर आणला, शेंगदाण्याची चटणी वाटीतून चमच्यावर आली, फोडणीचे तेल पळीऐवजी चमच्याने पडू लागले आणि वरणाची वाटी मुद्दाम मोठी केली. दहा महिन्यांत पाच किलो उतरले. हा वेग कोणाला हळू वाटेल. पण तरुणपणी उतरलेले वजन आणि साठीनंतर उतरलेले वजन सारखे नसते. उपाशी राहून घाईने उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि मला तर स्नायूंचीच गरज होती. म्हणून आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि पाण्याच्या बाटल्या उचलणे हा व्यायामही चालू ठेवला.

आमच्या भागात वजनाचा विषय निघाला की डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे नाव निघतेच. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेल्या या डॉक्टरांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत महाराष्ट्रभर पोहोचवली. शेजारच्या वहिनींना तिचा लाभ झाला. मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी जेवणाच्या वेळा अथवा प्रमाण बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यावी. नाहीतर साखर एकदम खाली जाते, आणि म्हाताऱ्या माणसाला ते पडण्याचे निमित्त होते.

मुलीने मध्यंतरी सुचवले, "आई, बाबांनाही एक पट्टा घेऊ का?" डॉक्टरांनी नको म्हटले. यांचे वजन कमी होऊ देणे हाच धोका आहे, असे त्यांचे मत पडले. यांच्यासाठी आम्ही दर पंधरवड्याला वजन, आणि महिन्यातून एकदा दंडाचा व पोटरीचा घेर शिंप्याच्या फितीने मोजतो. नुसत्या वजनावरून फसगत होते हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याच देहाचे उदाहरण देऊन दाखवले आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचे छायाचित्र छापले गेले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडच्या किडकिडीत दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का गाठतो, याचा थोडा उलगडा त्यातून होतो. म्हणूनच वजनकाट्याइतकीच कमरेची फीत महत्त्वाची. बायकांचा घेर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांचा ९० च्या आत असावा.

पट्टा अजून मनगटावर आहे. खुर्ची ढकलायची असली की तो हातातून काढून पायाच्या घोट्याला बांधते. आकडा नेमका येतो असे नाही, पण पावले तरी बऱ्यापैकी पकडतो. नांदेडच्या फिजिओथेरपिस्टनी यांना उठवण्याची रीत शिकवली: आधी खुर्चीचे ब्रेक लावायचे, खुर्ची यांच्या डाव्या, म्हणजे सशक्त बाजूला ठेवायची, कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा, आपले गुडघे वाकवून अगदी जवळ उभे राहायचे आणि कमरेतून न ओढता पायांवर उठायचे. पूर्वी त्यात दोनदा थांबून दम घ्यावा लागे. आता हे "चल" म्हणतात, आणि एका दमात आम्ही खुर्चीत पोहोचतो. वजन ६९ वर आहे; डॉक्टरांना आणखी दोन किलो हवेत. पुढची तपासणी संक्रांतीनंतर ठरली आहे, तेव्हा तिळगुळाचे लाडू यंदा काट्यावर तोलून, लहानच वळणार आहे.