उळवीच्या वाटेवरील फिरती घरे

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचे काळी नदीचे दाट खोरे. नदीचा उगमही याच तालुक्यात, डिग्गी गावाजवळ आहे. पूर्वी हा सुपे तालुका म्हणून ओळखला जाई. परंतु १०१ मीटर उंचीचे सुप्याचे धरण १९८७ साली पुरे झाले आणि ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते गावच जलाशयाच्या पोटात गेले. कोकणी, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषा येथे सहज कानी पडतात.

या रानात उळवी हे क्षेत्र आहे. बाराव्या शतकात कल्याण सोडून निघालेल्या शरणांपैकी चन्नबसवण्णांची, म्हणजे महात्मा बसवेश्वरांच्या भाच्यांची, येथे समाधी आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा भरते आणि धारवाड-बेळगावकडील शेतकरी बैलगाड्या जुंपून, मुक्काम करीत करीत येथे येतात. सौंदत्तीच्या यल्लम्मेला गाडीने जाण्याची चाल आपल्याकडील कित्येक घरांतून होतीच; त्यामुळे दांडेलीपुढील एका मुक्कामावर सुटलेल्या गाड्यांची रांग पाहताना आम्हांला परके असे काही वाटले नाही.

गाडी ही त्या दिवसांत त्यांचे घरच असते. वर बांबूच्या कमानी व ताडपत्री, तळाशी कडब्याचा थर, त्यावर घोंगड्या, कडेला शिध्याच्या पिशव्या. मात्र या घराचे सगळे आयुष्य चाकांवर अवलंबून असते आणि प्रवासाची खरी तयारी घरच्या अंगणात, सुतार-लोहारांच्या हातून होते. मधला तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांवर परिघाचे लाकडी तुकडे, म्हणजे पुठे, आणि या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी लाकडी चाकाची रचना आहे. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की प्रसरण पावते. मग सांडशीने उचलून चाकावर चढवितात व लगेच पाणी ओततात. लोखंड आकसते आणि एकेक सांधा करकचून बसतो. खिळ्यांनी येणार नाही अशी बळकटी त्या आकसण्याने येते.

पुढे हवामानाशी झुंज सुरू होते. माघात माळावरचे लाकूड सुकून आक्रसते, धाव सैल पडते, आरे खुळखुळू लागतात. मुक्कामावर एक वृद्ध गाडीवान प्रत्येक पुठ्यावर हातोडीने हलकेच ठोकून कान देत होते. सांधा घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो, ढिला असेल तर बद्द. जेथे बद्द आवाज आला तेथे त्यांनी लाकडाची पातळ पाचर ठोकली आणि रात्रभर चाकाला ओले किंतान गुंडाळून ठेवले. लाकूड फुगले की सांधे भरतात. “पण बाबा, ही उधारी आहे,” ते आम्हांला म्हणाले, “सुकलं की पुन्हा ढिलं. घरी गेल्यावर धाव उतरवून कापायचीच.”

चाकांवरचे घर जगात इतरत्रही आहे. कॅनडातील विनिपेग येथे १९६८ साली ‘बोलर’ नावाची, मोटारीमागे जोडण्याची तेरा फुटी फायबरग्लासची गाडी निघाली. वरचा व खालचा असे दोन साचे मधोमध सांधलेले. हे कवच कुजत नाही, गंजत नाही. तरीही रिव्हेट, खिडक्या व छताचे झरोके यांच्याशी पाणी शिरते आणि आतली प्लायवूडची जमीन सडते. कवचाला चीर गेली तर ती खरडून, पूर्ण कोरडी करून, काचतंतूंचे कापड राळेने थरावर थर चिकटवावे लागते. ओलसर जागी राळ नीट धरत नाही. चाकांच्या बेअरिंगला वंगण तर तेथेही चुकत नाही. लाकूड असो वा फायबर, फिरते घर सांध्यांतूनच खिळखिळे होते.

उळवीच्या वाटेवर ही जाण अधिकच मोलाची ठरते. हे रान व्याघ्र प्रकल्पाचे आहे. २०१५ पासून त्याला ‘काळी’ हेच नाव आहे. तेथे आरा मोडला म्हणून झाडाला कुऱ्हाड लावता येत नाही. म्हणून तांड्यातल्या एका तरी गाडीत जादा आरे, पाचरी, वाकस, पटाशी, दोरखंड व वंगणाचा डबा असतो, आणि बैलांच्या पायांच्या पत्र्याही असतात. एकाचे चाक बसले तर मागच्या गाड्या थांबतात.

आता पुष्कळ गाड्यांना रबरी टायर आले आहेत. बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला, याचा आनंदच मानला पाहिजे. पण धाव चढविणारा लोहार आणि पुठे जुळविणारा सुतार यांना त्यामुळे काम उरत नाही, आणि ज्या घरी जुनी लाकडी चाके आहेत त्यांना दुरुस्तीसाठी गावोगाव हिंडावे लागते. त्या वृद्धांच्या शेजारी त्यांचा नातू बसला होता. आजोबांनी हातोडी त्याच्या हाती दिली. त्याने दोन पुठे ठोकले, तिसऱ्याशी तो थांबला आणि न सांगताच पाचर शोधू लागला.