पडल्या पडल्या लागणारी झोप

कष्टाच्या माणसाला पडल्या पडल्या झोप लागते, हे वाक्य नारायणगडाच्या परिसरात मी कायम ऐकत आलो आहे, आणि ते नेहमी कौतुकानंच म्हटलं जातं.  दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. फडातला दिवस कसा असतो हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. बाई सगळ्यांच्या आधी उठून भाकरी थापते, उजाडायच्या सुमाराला कोयता चालू होतो. दिवसभर तोडणी, पाचट काढणं, मोळ्या बांधणं. गाडी रात्री अकराला आली तर अकराला आणि दोनला आली तर दोनला, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढत ती भरायची. मग कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, अंग टाकलं की डोळा लागतोच. या झटपट झोपेला आपण निरोगीपणाची खूण समजतो. माझ्या मते ती साठलेल्या थकबाकीची खूण आहे.

झोपेच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच मोजणारी एक चाचणी आहे. दिवसा दर दोन तासांनी माणसाला अंधाऱ्या खोलीत आडवं करतात आणि झोप लागायला किती मिनिटं लागली ते मेंदूच्या लहरींवरून पाहतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत आली, तर डॉक्टर तिला प्रमाणाबाहेरचा झोपाळूपणा म्हणतात. कारण सरळ आहे: जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, त्यानं झोपेचा दाब वाढतो, आणि पुरेशी झोप मिळाली तरच तो उतरतो. रात्रीच्या तपासणीत डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर तारा लावतात आणि तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून झोप वाचतात. त्यातून दिसतं की मोठ्या, संथ लहरींची गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते. डोळे भिरभिरणारी स्वप्नांची झोप, जी 1953 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी जगापुढे मांडली, ती पहाटेकडे वाढत जाते. म्हणजे अकराला गाडी भरायला उठवलं तर एक झोप मोडते, तीनला उठवलं तर दुसरी.

यावर लोक म्हणतात, शरीराला सवय होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला 2003 चा प्रयोग याचं उत्तर देतो. चौदा दिवस रात्री सहा तासच झोपू दिलेल्या माणसांचं लक्ष सलग एक-दोन रात्री जागलेल्यांइतकं ढासळलं, आणि त्यांना स्वतःला त्याचा फारसा पत्ताही लागला नाही. सवय होते ती न जाणवण्याची. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टांझानियातले हाड्झा, बोलिव्हियातले चिमाने यांसारखे समाजही रात्री सरासरी सहा-साडेसहा तासच झोपतात, असं मनगटावरच्या यंत्रानं 2015 मध्ये दाखवलं. खरं आहे. पण त्या अभ्यासात त्यांची झोप रात्री मोठा खंड न पडता झालेली दिसली. त्यांना मध्यरात्री गाडी भरायला कुणी उठवत नाही. तिसरी गोष्ट चेन्नईची. तिथल्या कमी उत्पन्नाच्या कामगारांवरचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसं आठ तास अंथरुणावर असत, पण झोप भरे साडेपाच तासच. रात्रीची झोप अर्ध्या तासानं वाढवूनही काम वाढलं नाही. कामाच्या ठिकाणी दुपारी घेतलेल्या छोट्या डुलकीनं मात्र फरक पडला. संशोधकांचा अंदाज असा की उकाडा, डास आणि गोंगाट यांनी तुटलेली झोप नुसते तास वाढवून भरून निघत नसावी. कोपीतली झोप याहून बरी असेल असं मानायला मला एकही कारण दिसत नाही.

तोडलेल्या उसातली साखर घटत जाते, गाळप थांबवता येत नाही, हे कारखान्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण गाळप चोवीस तास चालतं म्हणून कारखान्याच्या गेटच्या आत माणसं पाळ्यांनी बदलतात. फडातला कोयता तोच राहतो. तोडणीचा करार होतो तेव्हा चर्चा टनाच्या दराभोवती फिरते. पुढच्या कराराला बसणाऱ्या मजुरांच्या संघटनांनी दराच्या शेजारी आणखी एक ओळ मागावी: रात्री दहा ते पहाटे चार गाडी भरायची नाही.