कबुलीनंतरची वकिली

आरोपीने गुन्हा कबूल असल्याची पुर्शीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली की बचाव पक्षाचे काम संपले असा समज कोर्टाच्या आवारात रूढ आहे; तो घातक आहे, कारण कबुलीवरून झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येते ते केवळ शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता एवढ्याच मुद्द्यांवर, आणि म्हणून शिक्षेची सुनावणी हाच अशा खटल्यातील खरा बचाव ठरतो. ही सुनावणी तोंडी विनंतीपुरती नसून वय, शिक्षण, पूर्वायुष्य आणि सुधारण्याची शक्यता यांविषयी कागदपत्रे व प्रसंगी पुरावाही मांडण्याची संधी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये संता सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात स्पष्ट केले. तरीही ‘घरात एकटाच कमावता, पहिलाच गुन्हा, दया व्हावी’ एवढ्यावरच अनेकदा भागवले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

तयारी पुर्शीस देण्याआधीच व्हायला हवी, हे चोरीच्या खटल्यातील विशीतल्या मुलाच्या बाबतीत विशेष जाणवते. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ६ नुसार, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालील दोषीस तुरुंगात पाठवायचे असेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे त्याचे घर, वर्तन आणि परिस्थिती तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा, अहवाल मागवून न्यायालयाला कारणे लेखी नमूद करावी लागतात. मात्र हे वय गुन्ह्याच्या दिवशीचे नव्हे, तर खालचे न्यायालय शिक्षा ठरवते त्या दिवशीचे धरले जाते. त्यामुळे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहून, एकविसावे वर्ष पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील, तर तारखा घेत बसणारा वकील अशिलाचे कायमचे नुकसान करतो.

चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका झाल्यास दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता कलम १२ मुळे लागू होत नाही. पण हातची सरकारी नोकरी त्याने आपोआप वाचत नाही, कारण दोषसिद्धीस कारण झालेल्या वर्तनावरून खातेनिहाय कारवाई करता येते, आणि ही गोष्ट अशिलाला कबुलीपूर्वीच स्वच्छ शब्दांत सांगितली पाहिजे. कारावास अटळच दिसत असेल, तर कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा व्हावेत म्हणून अटकेची आणि जामिनावर सुटल्याची तारीख दाखवणारा तुरुंगाचा दाखला सुनावणीपूर्वीच हाती असावा.